खोडदच्या जाळीतून दिसणारे आकाश : वेबकॉमिक, विज्ञानकथा आणि चाहते यांची पार्श्वभूमी

पुण्यात राहणारी माझ्या परिचयाची एक चित्रकार गेली काही वर्षे मराठीत वेबकॉमिक, म्हणजे वेबवर भागाभागाने येणारी चित्रकथा, करते. दिवसभर नोकरी, आणि रात्रीची जेवणे उरकली की टॅबलेटवर चौकटी आखणे, असा तिचा क्रम आहे. तिची सध्याची मालिका जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीभोवती घडते. जीएमआरटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पहिल्या भागात तिने त्यांतली एक अँटेना मोठ्या परातीसारखी, सलग पत्र्याची काढली होती. आठवडाभराने नारायणगावच्या एका वाचकाने तिला कळवले, की ही परात पत्र्याची नसून ताणलेल्या तारांवर बसवलेल्या बारीक जाळीची आहे. वारा तिच्यातून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. जवळ उभे राहून वर पाहिले, तर जाळीतून आकाश दिसते. तिने त्या रात्री ती चौकट पुन्हा काढली, आणि दुसऱ्या दिवशी मला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवताना तिचा आनंद लपत नव्हता.

चूक दाखवणाऱ्या वाचकावर इतके खूश होणे, हे विज्ञानकथेच्या जगातले जुने वळण आहे. आपल्याकडे चाहता म्हटले की नटाच्या किंवा क्रिकेटपटूच्या मागे धावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. विज्ञानकथेचा चाहता मात्र पहिल्यापासून निराळा आहे. तो दुरुस्त्या सुचवतो, भांडतो, स्वतः लिहू लागतो, स्वतःच्या खर्चाने अंक छापतो आणि आवडत्या पात्राचा पोशाख घरी शिवतो. वेबकॉमिक करणारी माणसे या चाहत्यांच्या परंपरेतून इतक्या मोठ्या संख्येने का आली, हे समजून घ्यायचे तर वेबच्या कितीतरी मागे जावे लागते.

एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर होते आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता छापला जाई. संपादकीय दृष्टीने ही किरकोळ बाब होती, परंतु तिचे परिणाम फार दूरवर गेले. आपल्यासारखाच वेडा माणूस आपल्याच शहरात राहतो हे वाचकांना कळले, मग त्यांनी संपादकाला वगळून एकमेकांना पत्रे लिहिली, मंडळे काढली, आणि १९३० साली ‘द कॉमेट’ नावाचे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले पहिले नियतकालिक निघाले. अशा अंकांसाठी ‘फॅनझिन’ हा शब्द पुढे दहा वर्षांनी, १९४० मध्ये रूढ झाला.

चित्रकथेचा धागा येथेच येऊन मिळतो. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात शाळेत शिकणारी जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन मुले असाच एक विज्ञानकथांचा अंक काढत होती आणि जानेवारी १९३३ मध्ये त्या अंकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले, तेही एका खलनायकासाठी. ज्याला आज जग ओळखते तो परग्रहावरून आलेला नायक १९३८ साली छापील कॉमिकमध्ये अवतरला. महानायकांच्या कॉमिकचे मूळ अशा रीतीने चाहत्यांच्या घरगुती अंकात आहे, ही गोष्ट मला सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे दोनशे माणसे जमली होती. या संमेलनाचे सन्माननीय पाहुणे होते फ्रँक आर. पॉल, म्हणजे ‘अमेझिंग स्टोरीज’ची मुखपृष्ठे काढणारे चित्रकार. पहिला मान लेखकाला न देता चित्रकाराला द्यावा, असे त्या तरुणांना वाटले, कारण भविष्यकाळ कसा दिसतो हे त्यांना आधी पॉल यांच्या चित्रांनीच दाखवले होते. त्याच संमेलनाला मर्टल डग्लस आणि फॉरेस्ट ॲकरमन हे दोघे भविष्यातले पोशाख घालून आले. दोन्ही पोशाख डग्लस यांनी स्वतः शिवले होते आणि त्यांची कल्पना पॉल यांच्या चित्रांवरून घेतली होती. ज्याला आपण आज कॉसप्ले म्हणतो, त्याचा आरंभ कागदावरच्या चित्रापासून असा थेट शिलाई यंत्रापर्यंत गेलेला दिसतो.

पुढची वाटचाल अधिक परिचित आहे. १९६६ मध्ये सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका बंद पडण्याच्या बेतात असताना बीजो ट्रिंबल आणि त्यांच्या सोबत्यांनी पत्रांची मोहीम चालवून तिला तिसरे वर्ष मिळवून दिले, आणि १९७६ साली चाहत्यांच्या पत्रांमुळेच अमेरिकेच्या पहिल्या, चाचणीसाठी बांधलेल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नाव देण्यात आले.

मराठीत विज्ञानकथा उशिरा आली, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. ‘केरळ कोकिळ’ मासिकाने १९०० पासून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे कृष्णाजी आत्माजी आठल्ये यांनी केलेले भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः छापले. १९१५ साली ‘मासिक मनोरंजन’मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र विज्ञानकथा आली. हेच रानडे पुढे पुण्याच्या रविकिरण मंडळात होते. भावकवितेसाठी ओळखल्या जाणाऱ्या मंडळातल्या कवीच्या नावावर मराठीतली आरंभीची विज्ञानकथा असावी, याचा पुणेकरांनी अभिमान बाळगायला हवा. गर्न्सबॅक यांचे मासिक निघायला तेव्हा अकरा वर्षांचा अवकाश होता.

त्यानंतर अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत आणि वैज्ञानिक कथांना पुण्यातून जागा दिली, नारायण धारपांनी भयकथांच्या बरोबरीने विज्ञानकथाही लिहिल्या, आणि भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आणि पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. तो विज्ञानकथेचा नायक नव्हे, पण साहस आपल्या सायकलच्या टप्प्यात घडू शकते, हा विश्वास पुण्याच्या मुलांना त्याने दिला. माझी ही चित्रकार मैत्रीण आपली गोष्ट न्यूयॉर्कऐवजी खोडदला घडवते, यात त्या विश्वासाचा वाटा आहे असे ती स्वतःच सांगते.

तरीही अमेरिकेतल्यासारखे चाहत्यांचे जाळे मराठीत विणले गेले नाही. वाचकांची पत्रे संपादकाकडे येत, काही छापलीही जात, परंतु ती संपादकाच्या टेबलावर थांबत. वाचकाला वाचक भेटण्याची वाट त्यातून निघाली नाही. आपल्याकडे हौशी माणसाला आत येण्यासाठी जे दार होते ते स्पर्धेचे आणि दिवाळी अंकाचे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली आणि १९७४ मध्ये त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती जयंत विष्णू नारळीकरांची होती. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ विज्ञानकथेच्या दारात अनोळखी हौशी लेखक म्हणून उभा राहिला, ही घटना मला चाहत्यांच्या परंपरेच्या अगदी गाभ्यातली वाटते, जरी त्या वेळी तिच्याकडे कोणी तसे पाहिले नसेल.

नारळीकरांचा आणखी एक परिपाठ येथे नोंदवायलाच हवा. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली आणि ते तिचे संस्थापक संचालक झाले. व्याख्यान संपल्यावर मुले वही पुढे करून स्वाक्षरी मागत, तेव्हा ते वहीत सही करण्याचे टाळत. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, उत्तराखाली माझी सही असेल, असे ते मुलांना सांगत आणि आलेल्या कार्डांना खरोखर उत्तरे पाठवत. स्वाक्षरी मागणाऱ्या चाहत्याला प्रश्न विचारणारा चाहता करण्याची ही युक्ती गर्न्सबॅक यांच्या पत्रांच्या सदरापेक्षा मला कांकणभर सरस वाटते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा कितीतरी घरांतून जपून ठेवलेली ती कार्डे बाहेर निघाली असतील.

चित्रांची बाजू पुण्यात कधीच दुबळी नव्हती. शि. द. फडणीसांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर शब्दांवाचून हसवले आणि शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही चित्रांनी आकडेमोड सोपी केली. पुण्याच्या बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे फँटम, अनेक घरांत पोहोचला. पण मराठीतली विज्ञानकथा आणि मराठीतले चित्र यांची गाठ मुखपृष्ठापुरतीच पडत राहिली. रंगीत चित्रकथा छापण्याचा खर्च मोठा आणि खप अनिश्चित, हे त्यामागचे साधे कारण असावे.

वेबने हा खर्च पुसून टाकला. १९९३ मध्ये वेबवर नियमित येणारी व्यंगचित्रे दिसू लागली, आणि त्यांचे पहिले निर्माते आणि वाचक बहुतांशी विद्यापीठांतले आणि संगणक क्षेत्रातले होते, म्हणजे ज्या वर्गात विज्ञानकथा आधीपासून घरोघरी होती तोच वर्ग. संपादक नाही, पानांची मर्यादा नाही आणि वाचकाचे उत्तर काही मिनिटांत येते, अशी ही व्यवस्था होती. चाहत्यांच्या घरगुती अंकांना जे हवे होते ते सगळे येथे एकत्र आले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रँडल मन्रो यांचे २००५ मध्ये सुरू झालेले ‘एक्सकेसीडी’. काड्यांच्या माणसांचे हे कॉमिक काढण्यापूर्वी मन्रो नासाच्या एका केंद्रात यंत्रमानवांवर काम करत होते. २००७ सालच्या एका भागात एका स्वप्नाची गोष्ट होती आणि तीत अक्षांश-रेखांश आणि काही महिन्यांनंतरची एक तारीख दिली होती. २३ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे नेमक्या त्या तारखेला, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरातल्या त्या बागेत शेकडो वाचक येऊन उभे राहिले आणि मन्रोही आले. कागदावरचे चित्र पाहून पोशाख शिवणाऱ्यांचीच ही पुढची पिढी.

२०१३ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘टाइम’ नावाचे एकच चित्र प्रसिद्ध केले, ज्यात समुद्रकाठी बसलेली दोन माणसे होती. ते चित्र आधी अर्ध्या तासाने आणि मग दर तासाला बदलत राहिले, १२३ दिवस, ३०९९ चित्रे. काय चालले आहे हे मन्रोंनी सांगितले नाही. वाचकांनी वनस्पती, पाण्याची वाढती पातळी आणि एका रात्रीच्या आकाशातले तारे तपासून ओळखले, की गोष्ट हजारो वर्षांनंतरची आहे आणि कोरड्या पडलेल्या भूमध्य समुद्राच्या खोऱ्यात पाणी पुन्हा भरत आहे. या कृतीला २०१४ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. गर्न्सबॅक यांच्या नावाचा हा पुरस्कार चाहत्यांच्या मतांनी ठरतो. त्यात चित्रकथेचा नियमित विभाग २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिली तीन वर्षे सलग तो ‘गर्ल जीनियस’ या वेबकॉमिकने जिंकला, आणि मग त्याच्या कर्त्यांनी इतरांना संधी मिळावी म्हणून पुढच्या वर्षी आपले नाव मागे घेतले.

मराठी चित्रकथाकाराला या वारशाबरोबर एक अडचणही मिळते आणि ती फार बारीक आहे. संवादाच्या फुग्यातली इंग्रजी मोठी अक्षरे विटांसारखी एकावर एक बसतात. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते आणि फुगा फुगत जाऊन चेहरा झाकतो. त्यात जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नेला की जोडाक्षरे मोडतात. माझी मैत्रीण म्हणून संवाद आधी लिहिते, त्याभोवती फुगा काढते, आणि मगच उरलेल्या जागेत माणसे बसवते. ‘रेडिओ दुर्बीण’ हे दोनच शब्द एका चौकटीत मावावेत म्हणून तिने एका शास्त्रज्ञाला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी नेऊन उभे केले आहे.

आता पुण्यातही चाहत्यांची भेट होते. कॉमिक कॉन हा मेळा भारतात २०११ मध्ये दिल्लीला सुरू झाला आणि पुढे पुण्यापर्यंत आला. तिथले बहुतेक पोशाख परदेशी पात्रांचे असतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु मला २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचे आयुकातले आणि खोडदचे दृश्य जास्त जवळचे वाटते, कारण तिथे रांगेत उभी असलेली शाळकरी मुले प्रश्न घेऊन आलेली असतात. माझी मैत्रीण गेल्या खेपेला खोडदला वही घेऊन गेली आणि अँटेनाखाली बसून जाळीचे बारा कच्चे आराखडे काढून परतली. त्यांतला एक तिच्या ताज्या भागाची पहिली चौकट झाला आहे. चौकटीच्या खालच्या कडेला, स्वतःच्या सहीशेजारी, तिने चूक दाखवणाऱ्या त्या वाचकाचे नाव त्याच्या परवानगीने लिहिले आहे, आणि नावापुढे गाव : नारायणगाव.