घराची गुणपत्रिका आणि नऊ इंची भिंत

घर तपासायला आलेले गृहस्थ बेल वाजवायच्या ऐवजी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि तिथून आमच्या भिंतीच्या विटा निरखत उभे राहिले. लेस्टरमधलं आमचं हे जुनं घर १९०० सालच्या आसपासचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. आम्ही गावातच दुसरीकडे राहायला जाणार होतो आणि हे भाड्याने द्यायचं होतं. इंग्लंडमध्ये घर विकायला किंवा भाड्याने काढायचं तर जाहिरात देण्याआधी त्याचं ऊर्जा प्रमाणपत्र मागवावं लागतं. इथे सगळे त्याला नुसतं 'ईपीसी' म्हणतात. माझी आई कोथरूडहून फोनवर त्याला घराची गुणपत्रिका म्हणते, आणि ते जास्त बरोबर आहे.

विटांचं कारण त्यांनी आत आल्यावर सांगितलं. आमच्या भिंतीत विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसते. आखूड बाजू दिसते याचा अर्थ ती वीट भिंतीत आडवी घुसली आहे, आतल्या आणि बाहेरच्या थराला तिने बांधून धरलं आहे. म्हणजे भिंत भरीव, नऊ इंची. पहिल्या महायुद्धानंतर इथे हळूहळू दुहेरी भिंती आल्या. दोन पातळ भिंती आणि मध्ये हवेची पोकळी. तिथे बाहेरून फक्त लांब बाजूच दिसतात. भिंतीला भोक न पाडता तिचं पोट कसं ओळखायचं, याची ही युक्ती मला फार आवडली.

भरीव की पोकळ याला एवढं महत्त्व का, ते एका आकड्यात कळतं. भिंतीच्या आत आणि बाहेर १ अंशाचा फरक असेल तर तिच्या १ चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, त्याला यू-मूल्य म्हणतात. प्रमाणपत्राच्या गणितात भरीव विटांच्या भिंतीसाठी हे मूल्य १.७ धरतात. आमच्या पुढच्या आणि मागच्या भिंती मिळून, खिडक्या वजा जाता, ४० चौरस मीटर आहेत असं धरू. बाहेर ५ अंश, आत २० अंश. गुणाकार करा: १.७ गुणिले ४० गुणिले १५, म्हणजे १,०२० वॅट. भिंतीत एक हीटर पुरून ठेवलाय आणि तो रात्रंदिवस गल्ली गरम करतोय, असं समजा. दिवसाला साडेचोवीस युनिट. आतून चांगलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लावून यू-मूल्य ०.३ वर आणलं तर तोच आकडा १८० वॅटवर येतो.

हिशेबात बाजूच्या दोन भिंती आल्याच नाहीत, कारण पलीकडे शेजाऱ्यांची गरम घरं आहेत. हिवाळ्यात एसटीच्या तिघांच्या बाकड्यावर मध्ये बसलेल्याला जे सुख मिळतं, ते रांगेतल्या मधल्या घराला फुकट मिळतं.

या १.७ चीही गंमत आहे. २०१७ पर्यंत हा आकडा २.१ होता. प्रत्यक्ष घरांच्या भिंतींवर मोजमाप केल्यावर लक्षात आलं की जुन्या भिंती समजत होतो तेवढी उष्णता गळू देत नाहीत. आकडा बदलला, आणि एकाही विटेला हात न लावता कितीतरी जुन्या घरांची कागदावरची प्रकृती सुधारली.

आत आल्यावर त्यांनी टेपने खोल्या मोजल्या. घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरचा मॉडेल नंबर टिपला, दिवे मोजले, शिडी लावून माळ्यावर डोकं घातलं आणि तिथल्या लोकरीसारख्या इन्सुलेशनमध्ये पट्टी खुपसून जाडी पाहिली. इथे २७० मिलिमीटर चांगली समजतात, आमची १०० भरली. तासाभरात काम संपलं.

खरी ठेच मला लागली ती मागच्या स्वयंपाकघराच्या सपाट छपरापाशी. ते छप्पर आम्ही आठ वर्षांपूर्वी उघडून आत जाड इन्सुलेशनचे तक्ते घालून घेतले होते. मी हे तोंडी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "पावती आहे?" पावती नव्हती. तपासनीस काही फोडत नाही आणि ऐकीव गोष्ट लिहीत नाही. जे दिसत नाही आणि ज्याचा कागद नाही, तिथे घराच्या वयावरून अंदाज धरला जातो आणि अहवालात पुढे 'गृहीत' असा शेरा पडतो. आमच्या छपरापुढे पडला: इन्सुलेशन नाही, गृहीत. पुढे जुन्या ईमेलमध्ये कारागिराचं बिल सापडलं, कामाचे फोटोही निघाले, प्रमाणपत्र नव्याने करून घेतलं आणि तीन गुण वाढले. घराचं काही काम करून घेत असाल तर झाकलं जाण्याआधी फोटो काढा आणि बिल जपून ठेवा, एवढं मी आता भेटेल त्याला सांगतो.

गुण १ ते १०० असतात आणि त्यावरून ए ते जी अशा सात श्रेण्या. ९२ किंवा जास्त म्हणजे ए, ६९ ते ८० सी, ५५ ते ६८ डी, २० किंवा कमी म्हणजे जी. आमचं घर डी मध्ये. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारासाठी किमान ई लागते, आणि २०२० च्या एप्रिलपासून चालू करारांनाही. एफ किंवा जी असलेलं घर, सवलत नोंदवलेली नसेल तर, भाड्याने देता येत नाही. ही पट्टी सी पर्यंत चढवण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे.

आता थोडं खटकणारं. वाटतं की हे गुण ऊर्जेचे असतील. पण मोठ्या अक्षरात छापलेली श्रेणी ठरते ती चौरस मीटरमागे वर्षाला किती खर्च येईल यावरून. इथे विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग. हीट पंप एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता घरात आणून देतो. आपल्या एसीचंच तंत्र, फक्त उलट्या दिशेने. तीन भागिले चार, म्हणजे गॅसच्या एका युनिटच्या पैशात पाऊण युनिट उष्णता; खर्चात तो गॅसच्या बॉयलरपेक्षा किंचित मागेच पडतो. त्यामुळे गॅस काढून हीट पंप बसवणाऱ्याचा कार्बन भरपूर घटला तरी श्रेणी तिथेच राहू शकते, क्वचित खालीही येते. कार्बनचा वेगळा आकडा अहवालात असतो, पण तो वाचतो कोण? डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मोजण्याची पद्धतच बदलण्याबाबत लोकांची मतं मागवली. उशिरा का होईना, बरं झालं.

दुसरी गोष्ट अशी की हे गणित घराला ओळखतं, घरातल्या माणसांना नाही. त्यात सगळं आधीच धरलेलं असतं: बैठकीची खोली २१ अंश, बाकीचं घर १८ अंश, क्षेत्रफळावरून ठरवलेली माणसं, देशाचं सरासरी हवामान. नॉर्थंबरलँडच्या गारठ्यातलं घर आणि कॉर्नवॉलच्या त्यामानाने उबदार किनाऱ्यावरचं तसंच घर, दोघांना सारखेच गुण. दोन घरांची तुलना करायची तर हे योग्यच आहे. पण आपलं बिल किती येईल हे यातून कळेल असं धरून चालू नये. जर्मनीतल्या ३,४०० घरांच्या आकडेवारीवरून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वापर गणितापेक्षा सरासरी ३० टक्के कमी निघाला, आणि घर जितकं गळकं तितकी तफावत मोठी. कारण सरळ आहे: गरम ठेवणं परवडत नाही तिथे लोक एकच खोली तापवतात आणि स्वेटर चढवतात. जर्मनीत प्रमाणपत्रच दोन प्रकारचं मिळतं, एक गणिताने काढलेलं आणि एक मागच्या तीन वर्षांच्या खऱ्या वापरावरचं. मात्र १९७७ पूर्वीच्या लहान, न सुधारलेल्या इमारतींना गणिताचंच घ्यावं लागतं.

आईचा प्रश्न होता, आपल्याकडे असं काही आहे का? पुण्यातल्या तिच्या वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये उष्णतेचा प्रवास उलटा. एप्रिलमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री पंख्याखाली गरम वारा देतो. २०१८ च्या इको-निवास संहितेत, म्हणजे राहत्या इमारतींसाठीच्या आपल्या ऊर्जा नियमावलीत, छपराचं यू-मूल्य १.२ च्या वर नको असं म्हटलं आहे. नुसत्या सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबचं ते तिपटीच्या आसपास असतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक घालण्याची आपली जुनी पद्धत या बाबतीत शहाणपणाची होती. राहत्या घरांसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१९ मध्ये लेबलही आणलं. पण विकताना किंवा भाड्याने देताना ते दाखवण्याची सक्ती नाही. दहा-पंधरा वर्षं टिकणाऱ्या फ्रिजचे तारे आपण दुकानात वाकून मोजतो आणि जन्मभराच्या फ्लॅटबद्दल विचारतो ते पार्किंगचं.

आमच्याकडे घर बघायला आलेलं पहिलं जोडपं नागपूरचं निघालं. प्रमाणपत्रांची नोंद इथे सगळ्यांना खुली असते, पत्ता टाकला की दिसते, त्यामुळे आमची डी त्यांनी येण्याआधीच पाहिली होती. त्यावर ते काही बोलले नाहीत. नवऱ्याने फक्त विचारलं, "दादा, मागच्या हिवाळ्यातलं गॅसचं बिल दाखवता का?" मी दाखवलं. आकडा प्रमाणपत्रातल्या अंदाजापेक्षा बराच कमी होता, त्याचा चेहरा खुलला. मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं की त्या हिवाळ्यात सहा आठवडे आम्ही पुण्यात होतो.