हिरडा: घाटमाथ्यावरच्या एका तुरट झाडाची पार्श्वभूमी

हिरडा म्हटलं की बहुतेकांना त्रिफळा चूर्णाची डबी आठवते आणि विषय तिथेच संपतो. पण जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात हिरडा म्हणजे वर्षाच्या रोख पैशाचा हिशोब. तिथल्या महादेव कोळी घरांत अजूनही अमक्याचे हिरडे किती हे माहीत असतं, जमीन किती हे नंतर विचारतात.

आधी झाड बघू. भीमाशंकर, महाबळेश्वरच्या बाजूला अंजन, जांभूळ, पिसा यांच्या सोबतीने हिरडा वाढतो. ती सगळी सदाहरित मंडळी, हा मात्र पानं गाळणारा. वाऱ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, बुटका राहतो आणि आतल्या मातीत चांगला मोठा होतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पानाच्या देठावर वरच्या टोकाला बारीक पुटकुळ्यांसारख्या दोन ग्रंथी दिसतात. फळ वाळलं की त्यावर पाच धारा उठतात. भीमाशंकरच्या शेकरूला खाणंपिणं आणि घरटं यासाठी जी उंच, फांदीला फांदी भिडलेली झाडं लागतात त्यात हिरडाही येतो, आणि उतारावर पावसाळ्यात माती धरून ठेवायचं काम तर चालूच असतं, त्याचे पैसे कोणी देत नाही ते सोडा.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे तुरटपणा. हिरवा हिरडा चावला की जीभ खरखरीत होते, तोंड आकसतं. हे टॅनिनचं काम, ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं. तेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरतं तेव्हा कातडं सडायचं थांबतं आणि त्याचं चामडं होतं. आणि तेच लोखंडाला लागलं की काळं पडतं, म्हणजे कोयत्याने हिरवं फळ कापा, थोड्या वेळात पातं आणि बोटं दोन्ही निळसर काळी, साबणाने पटकन जात नाहीत. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे ती याच गुणावर. कलमकारीचं कापड आधी हिरडा आणि दुधात बुडवतात तेही यासाठीच, रंग धरावा म्हणून. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यात पिकवायची जुनी रीत आहे, म्हणजे आयुर्वेद वगळला तरी या फळाला गिऱ्हाईक कमी नव्हतं.

आयुर्वेदात ही हरीतकी. खारट सोडून पाचही रस हिच्यात आहेत म्हणतात, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी असे सात प्रकार दिलेत. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी, हे वचन तर आजीपासून वैद्यापर्यंत सगळेच ऐकवतात. तिबेटी परंपरेतला औषधबुद्धसुद्धा हातात हिरडाच धरतो.

इंग्रजांच्या काळात मात्र हिशोब बदलला. विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना टॅनिन हवं होतं आणि वाळलेल्या हिरड्यात ते साधारण एक तृतीयांश भरतं, त्यामुळे मुंबई बंदरातून पोत्यावारी माल जायला लागला आणि हिरडा वनखात्याच्या महसुलात आला. पुढे 1884 मध्ये क्रोमियमने चामडं कमवायचं पेटंट निघालं, ही पद्धत आठवड्यांचं काम दिवसांवर आणणारी, त्यामुळे जगभर हळूहळू केमिकलचाच जम बसला. चामड्यासाठी हिरड्याची मागणी घटली, औषधासाठी राहिली.

आणि औषधाच्या बाजारात सगळ्यात चालतो तो बाळहिरडा. म्हणजे आत बी धरायच्या आधी उतरवलेलं कोवळं फळ. उन्हाळ्यात शेतात काही काम नसतं तेव्हा अख्खं घर हिरड्याखाली, कोणी फांदीवर, कोणी खाली वेचायला. मग कातळावर पसरून वाळवायचं, ते आकसून काळं कुळकुळीत होतं आणि पोत्यात भरलं की व्यापाऱ्याकडे. पूर्वी धान्य, मीठ उधारीवर आणायचं आणि हंगामात हिरडा देऊन फेडायचं, त्यात भाव कोण ठरवणार हे सांगायला नको. 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघालं, एकाधिकार खरेदी, म्हणजे माल फक्त महामंडळानेच घ्यायचा ही पद्धत, आली, तरी वजनकाटा आणि भाव यावरची कुरकुर काही संपली नाही.

तोडीच्या बाबतीत 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत हिरडा आहे, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतला असला तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण मला वाटतं कायद्यापेक्षा पोत्याने जास्त झाडं वाचवली, दरवर्षी पैसे देणारं झाड कोण तोडेल. गोची वेगळीच आहे. बी धरायच्या आधीच फळ उतरवलं तर खाली पडणार काय? त्यात बीचं कवच टणक, उगवण आधीच कमी, त्यावर गुरं आणि वणवा. बऱ्याच ठिकाणी मोठी जुनी झाडं भरपूर पण त्यांच्याखाली गुडघ्याएवढं रोप शोधून सापडत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ही जुनी झाडं मुळासकट आडवी झाली, फळ मातीत गेलं. भाताची भरपाई कशी द्यायची ते ठरलेलं असतं, हिरडा त्या नियमात कुठेच बसेना, मग मोर्चे, उपोषणं असं करत आदिवासींना कित्येक वर्षं त्यामागे लागावं लागलं. पैसे मिळाले तरी प्रश्न होताच, पडलेल्या हिरड्याच्या जागी लावलेलं रोप पोतं भरायला लागेपर्यंत किती वर्षं जाणार.