रांगोळीला वळसा

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या काकूंनी दारातली रांगोळी जरा हात सैल सोडूनच काढली. उंबऱ्यापाशी सुरू झालेली कमळं रस्त्यावर चांगली हातभर आत आली. मी गॅलरीत चहा पीत बघत होतो. दूधवाला आला, त्यानं ब्रेक दाबला आणि रांगोळीच्या कडेकडेनं गेला. मागून पेपरवाला, तोही तसाच. मग रोज सकाळी भरधाव जाणारा कॉलेजचा पोरगा आला. गल्लीतल्या गतिरोधकाला तो कधी जुमानत नाही, सीटवरून उठून गाडी त्यावरून उडवतो. मूठभर पांढऱ्या भुकटीपुढं मात्र वेग उतरला.

रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. गाडी चालवणारा माणूस वेग ठरवताना मीटरच्या काट्याकडं फार कमी बघतो. रस्ता किती रुंद दिसतोय आणि कडेच्या वस्तू नजरेच्या कोपऱ्यातून किती झपाट्यानं मागं सरकतायत, यावर मेंदू अंदाज बांधतो. समोर मोकळी सपाट पट्टी दिसली की मूठ आपोआप पिळली जाते. त्याच पट्टीवर नक्षी आली, रुंदी कमी दिसू लागली, की आहे तोच वेग जास्त वाटतो. शिकागोत तळ्याकाठच्या एका मोठ्या रस्त्यावर २००६ साली धोक्याच्या वळणाआधी आडवे पांढरे पट्टे ओढले. वळण जवळ येईल तसं दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. चालकाला वाटतं आपण सुसाट सुटलोय, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो.

रस्त्यावरच्या चित्रांचा परिणाम अमेरिकेत मोजलाही गेला. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या दानसंस्थेच्या पुढाकारानं २०२२ साली १७ ठिकाणांचा आधीचा आणि नंतरचा हिशेब मांडला गेला. चालणारे आणि सायकलवाले सापडलेल्या अपघातांचं प्रमाण चित्रं काढल्यावर निम्म्यानं घटलेलं दिसलं. सतराच जागा आहेत, तेव्हा लगेच टाळ्या पिटायला नकोत. शिवाय अशा कामांत रंग नेहमी एकटा नसतो. चौकाचा कोपरा रंगवून पुढं घेतला की गाडीला वळायला लहान त्रिज्या मिळते, आणि इथं शाळेतलं भौतिकशास्त्र कामाला येतं. वळणावरचा सुरक्षित वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली तर तो सुमारे ७० टक्क्यांवर येतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळं ताशी ५० किलोमीटरवरून ३० वर आलेल्या गाडीत पहिल्या ऊर्जेच्या फक्त ३६ टक्के उरते. म्हातारा माणूस रस्ता ओलांडत असेल तर जगणं-मरणं या फरकावर ठरू शकतं.

चित्र आणि चाक यांची गाठ बेळगावात जुनी आहे. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे तिथं त्यांच्या लक्षात आलं. रंगचित्रं सुटली, यंत्रांची रेखाचित्रं हातात राहिली, आणि पुढं तीच ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं आणि तिथून पुढं सगळा किर्लोस्कर उद्योग उभा राहिला. आज किर्लोस्कर रोडवर सायकल लावायला जागा शोधावी लागते, हा भाग वेगळा.

रस्त्याची जागा नेमकी कोण खातं, हे रोज बघूनही दिसत नाही. ते दिसावं म्हणून जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरानं १९९१ साली एक पोस्टर काढलं. तोच रस्ता, तीच ७२ माणसं, तीन फोटो. बसला ३० चौरस मीटर जागा लागली, ७२ सायकलींना ९० आणि गाड्यांना १,०००, कारण एका गाडीत सरासरी १.२ माणसं धरली तर ६० गाड्या लागतात. आपल्याकडं दुचाक्या, रिक्षा आणि दहा माणसं कोंबलेली वडाप, तेव्हा हे आकडे उचलून इथं चिकटवता येणार नाहीत. तसा फोटो आपला आपणच काढायला हवा.

त्याच्याही आधी, १९७५ साली, व्हिएन्नाचे वाहतूक-अभियंते हेर्मान क्नोफ्लाखर यांनी मोटारीच्या आकाराची लाकडी चौकट बनवली, पट्ट्यांनी खांद्याला अडकवली आणि ते रस्त्यानं चालू लागले. एकटा माणूस, अख्ख्या मोटारीची जागा अडवून. बघणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. याला बांबू आणि सुतळी एवढंच लागतं, आणि मंडपाचं उरलेलं सामान कुठल्या मंडळाकडं नसतं? शनिवारच्या बाजाराला गणपत गल्लीत चार जणांनी अशा चौकटी घालून शिरून बघावं. पाचवा शिरणार नाही.

आता हे सगळं बाहेरून आणायची गरज तरी किती? दिवाळीत बेळगावची पोरं चिखलमातीचे किल्ले करतात. ते बघताना मला नेहमी वाटतं की नगररचनेचा पहिला वर्ग इथंच भरतो. बोटाएवढा मावळा ठेवला की दरवाजा किती उंच हवा, पायवाट किती रुंद, पाणी कुठून वाहून जाईल, हे पोरं न शिकवता ठरवतात, आणि चुकलं तर ओल्या हातानं मोडून पुन्हा लिंपतात. तसाच एखाद्या चौकाचा किल्ला का करू नये? मावळ्याच्या जागी दप्तर घेतलेली मुलगी, काठी टेकत जाणारे आजोबा, भाजीची गाडी. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री तर शहरातले मुख्य रस्ते चालणाऱ्यांचेच असतात. कडेवर मूल घेतलेल्या बाया मध्यरात्री रस्त्याच्या मधोमध निवांत उभ्या असतात. वाहनं नसलेला रस्ता कसा असतो, हे बेळगावकराला आठवून सांगता येतं.

कोंडी समजून घ्यायलाही ठिपके पुरतात. जमिनीवर गोलात तीसेक ठिपके काढा आणि काहींवर चिंचोके ठेवा. चिंचोका म्हणजे गाडी. प्रत्येक डावात वेग एका घरानं वाढवायचा, पण पुढच्या चिंचोक्याला धडकायचं नाही, आणि मधूनच फासा टाकून एखाद्यानं उगाच हळू व्हायचं. नागेल आणि श्रेकेनबर्ग या दोन जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ साली संगणकावर मांडलेला खेळ साधारण हाच. चिंचोके दाट झाले की कुणीही न अडवता कोंडी तयार होते आणि गाड्या पुढं जात असताना ती मागं सरकत राहते. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ खऱ्या गाड्या सारख्या वेगानं चालवायला सांगितलं, तिथंही हेच झालं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर ही लाट रोज भेटते. गेट उघडलं तरी मागचा माणूस बराच वेळ जागचा हलत नाही, कारण निघण्याची खबर एकेका गाडीनं मागं पोचते. त्यात दोन्ही बाजूंनी लोक अख्खा रस्ता भरून समोरासमोर उभे. याचं गणित अजून कुणी जर्मनानं केलेलं नसावं.

हल्ली संगणकाला फोटो देऊन ‘इथल्या गाड्या कमी कर’ म्हटलं की मिनिटात नवं चित्र मिळतं. मी खडेबाजारचा फोटो देऊन पाहिला. गाड्या गेल्या, पण भाजीवाल्या मावश्याही गेल्या, रिक्षा गेल्या, फळांच्या गाड्या गेल्या. त्यांच्या जागी युरोपातली झाडं आणि कॉफीच्या दुकानाच्या खुर्च्या. अशा यंत्राला ज्या चित्रांवर शिकवलं, त्यांत सुंदर रस्ता बहुधा तसाच दिसत असणार, म्हणून तेच ते परत देतं. आषाढातला पाऊसही त्याला ठाऊक नाही. इथं ओल्या ऑइलपेंटवरून दुचाकी घसरते, म्हणून रस्त्यावरच्या रंगात बारीक कच मिसळावी लागते. चित्र मशीननं काढलं तरी कुणाला पुसायचं नाही हे गल्लीतल्या माणसांनीच सांगावं.

चित्राची आणखी एक सोय आमच्या भागात विशेष. त्याला लिपी नसते. पाटी लावली की आधी कन्नड की मराठी, अक्षरं केवढी, यावरच वर्ष निघतं. व्हिएन्नात १९२० च्या दशकात ओट्टो नॉयराथ यांनी आकडेवारी लोकांना कळावी म्हणून चित्रांची भाषा घडवली. शाळेपुढं रस्त्यावर उड्या मारणारी दोन पोरं काढली, तर ती कुठल्या भाषेत उड्या मारतायत हे विचारायला कोणी येणार नाही. निदान लगेच तरी नाही.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली बेळगावचं नाव आलं. चौक सुधारायचा म्हटलं की आपल्याला थेट काँक्रीटच आठवतं, आणि ते चुकलं तर फोडायला पुन्हा निविदा. त्याआधी मैदानावर मारतात ती पांढरी फक्की एका रविवारी चौकात मारून बघता येते. रीतसर परवानगी काढायची, कोपरे आखायचे आणि मोजायचं. कडेला २० मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलवर चित्रण घ्या. गाडीनं ते अंतर २.४ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३०, १.८ सेकंदांत कापलं तर ४०. फक्की मारायच्या आधी शंभर गाड्या, नंतर शंभर गाड्या, वेळ तीच, वार तोच. आठवड्यानं पुन्हा मोजायचं, कारण डोळा सरावतो आणि पहिल्या दिवसाचा परिणाम उतरू शकतो.

आमच्या गल्लीतली रांगोळी पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा भरधाव. काकूंना मी हे सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग रोज काढतो की! रांगोळी तेवढी तू आणून दे.”