फ्लोअरबॉल: स्वीडनच्या महिला कधी हरल्याच नाहीत?

फ्लोअरबॉल म्हणजे बंदिस्त सभागृहात खेळला जाणारा हॉकीसारखा खेळ. त्याचा महिलांचा विश्वचषक म्हणजे स्वीडनची मक्तेदारी, दुसऱ्या कुणी तो जिंकलाच नाही, असं सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. पहिली स्पर्धा 1997 साली स्वीडननं जिंकली खरी, पण 1999 आणि 2001 मध्ये विजेतेपद फिनलंडकडे गेलं. 2003 मध्ये पुन्हा स्वीडन. आणि 2005 मध्ये सिंगापूरला चक्क स्वित्झर्लंड! नेमकी हीच स्पर्धा लोक विसरतात.

गैरसमज का पसरला, तेही उघड आहे. स्पर्धा दर दोन वर्षांनी होते आणि 2007 ते 2023 दरम्यानची सलग नऊ विजेतेपदं स्वीडनकडेच गेली. एवढी लांब मालिका पाहिली की आधीचा इतिहास कोण उकरणार?