'लिबर्टी' नावाचं व्हिक्टरी जहाज

जून १९६७ मध्ये इस्रायलने अमेरिकी नौदलाच्या 'लिबर्टी'वर हल्ला केला, ३४ जण मेले. नाव ऐकून वाटतं, हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाऊक बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एखादं 'लिबर्टी शिप' असणार. पण ते होतं त्यानंतरच्या, सुधारलेल्या व्हिक्टरी जातीचं. १९४५ साली ते मालवाहू 'सिमन्स व्हिक्टरी' म्हणून पाण्यात उतरलं. पुढे नौदलाने विकत घेऊन त्याचं बारसं नव्याने केलं. तेव्हापासून घोळ सुरू आहे.

खरी लिबर्टी जहाजं आधीची, १९४१ पासूनची, आणि संख्येने २,७१०. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या त्याहून वेगाने नवी बांधायची, एवढाच हिशोब. टर्बाइन युद्धनौकांना हवी होती, म्हणून यांच्या पोटात जुन्या घाटाचं वाफेचं इंजिन, २,५०० अश्वशक्तीचं. वेग ११ नॉट, म्हणजे ताशी ११ सागरी मैल. 'रॉबर्ट ई. पिअरी' तर साडेचार दिवसांतच उभं केलं. तो अर्थात प्रचाराचा भाग होता.

घाईची किंमत तड्यांनी वसूल केली. लिबर्टीचे पत्रे रिव्हेट ठोकून नव्हे, तर वेल्डिंगने जोडलेले. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेपाशी थांबू शकतो. वेल्डिंगच्या अखंड सांगाड्यात त्याला अडवणारं काही नसतं. त्यात तेव्हाचं पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं, आणि डेकवर माल चढवा-उतरवायला ठेवलेल्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांवर सगळा ताण यायचा.

व्हिक्टरीत हे शहाणपण उतरलं. फासळ्यांमधलं अंतर ३० इंचांवरून ३६ केलं, त्यामुळे सांगाडा लाटेवर थोडा लवचीक राहू लागला. टर्बाइनही मिळाली: ६,००० किंवा ८,५०० अश्वशक्ती, वेग १५ ते १७ नॉट. लांबून ओळखायचं तर पुढचं टोक पाहा; व्हिक्टरीचं उंचावलेलं, लिबर्टीचं डेक सपाट.

(१९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फुटलेलं 'फोर्ट स्टिकीन' यांपैकी कुठलंच नव्हे. ते कॅनडात बांधलेलं. मूळ ब्रिटिश आराखड्याच्या नात्याने लिबर्टीचं चुलत भावंड.)

वेगामुळे व्हिक्टरी युद्धानंतरही कामाला येत राहिल्या. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला बांधलेली 'रेड ओक व्हिक्टरी' डिसेंबर १९४४ मध्ये नौदलात गेली, पॅसिफिकमध्ये युद्धनौकांना दारूगोळा पुरवत राहिली. मग कोरिया, मग व्हिएतनाम. १९६८ पासून तीस वर्षं ती कॅलिफोर्नियातल्याच सुइसन खाडीत गंजत पडली होती. १९९८ मध्ये रिचमंडच्या संग्रहालयाने ती घेतली आणि जन्मगावी परत आणली.