प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. बेस क्लॉक (बोर्डाचा मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर (त्याची पट) असा वेगाचा हिशेब असतो : १०० मेगाहर्ट्झला ५० ने गुणले की ५ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉक सहसा कोणी हलवत नाही, कारण बोर्डावरचे इतर भागही त्यावर अवलंबून असू शकतात. मल्टिप्लायर वाढवायचा तर इंटेलमध्ये नावाअखेर ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर मोकळे, म्हणजे मल्टिप्लायर बदलू देणारे असतात, मात्र ए मालिकेचे स्वस्त बोर्ड ही सोय देत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात मशीन असेंबल करून घेतानाच ही जोडी जुळवावी, नंतर बोर्ड बदलणे महागात पडते.

१९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या ३०० मेगाहर्ट्झच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बस (म्हणजे तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली, की तो बऱ्याचदा ४५० मेगाहर्ट्झवर धावे. आता तसे घबाड उरलेले नाही. टर्बो बूस्टच्या (चिपने आपोआप वाढवलेल्या वेगाच्या) रूपाने बहुतेक वेग कंपनीच वापरून टाकते.

खरी अडचण उष्णतेची. वीजखप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ५ चे ५.३ गिगाहर्ट्झ करताना व्होल्टेज १.२० वरून १.३२ व्होल्टवर न्यावे लागले, तर ६ टक्के वेगासाठी सुमारे २८ टक्के जास्त वीज जळते. हा सौदा फारसा फायद्याचा नाही.

मुंबईत तो आणखी तोट्यात जातो. साधा कूलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, आणि खोली जितकी तापते जवळजवळ तितकीच चिपही. जानेवारीच्या रात्री २० अंशांत ८२ वर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यातल्या दुपारी, वरच्या मजल्यावर ३४ अंशांत, ९६ च्या आसपास जातो. रायझन ७००० ची मर्यादा ९५, इंटेलच्या बऱ्याच चिपांची १००. तिथे प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून चाचणी एसी बंद ठेवून, भर उन्हाळ्यात घ्यावी. बर्फ किंवा द्रवरूप नायट्रोजनचे प्रयोग इथल्या पावसाळी दमटपणात करूच नयेत. बोर्डावर दव धरते आणि शॉर्टसर्किट होते.

आधी डेटाचा बॅकअप घ्यावा आणि कॅबिनेटमधली धूळ काढावी. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एका वेळी १०० मेगाहर्ट्झ वाढवून सिनेबेंच ही वेगचाचणी चालवावी आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहत राहावे. मशीन हँग झाले किंवा निळा पडदा आला, तरच व्होल्टेज १० ते २० मिलिव्होल्टने चढवावे. ‘ऑटो’वर ठेवलेले व्होल्टेज घात करते, कारण बरेच बोर्ड ते सढळ हाताने देतात. शेवटी प्राइम९५ किंवा ओसीसीटी हे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारे प्रोग्रॅम काही तास लावावेत. मशीन सुरूच झाले नाही, तर प्लग काढून सीमॉस (बायोसची सेटिंग जपणारी मेमरी) क्लिअर केल्यावर मूळ सेटिंग परत येते. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या चढत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे घालू नयेत.

जादा व्होल्टेज आणि उष्णता चिपला वर्षानुवर्षे झिजवतात. ही झीज भरून येत नाही आणि वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. खेळ किंवा व्हिडिओ संपादन एवढेच काम असेल, तर उलट व्होल्टेज थोडे उतरवणे जास्त शहाणपणाचे. वेग तोच राहतो, पंखा शांत होतो आणि गार झालेली चिप टर्बोवर जास्त वेळ टिकते.