रोजगाराची क्षेत्रवार वाटणी

देशातले कामकरी लोक शेती, कारखानदारी आणि सेवा यांत कसे वाटले गेलेत आणि ती वाटणी काळाप्रमाणे कशी सरकते, त्याचा हा विषय. ही तीन खाती अर्थतज्ज्ञ फिशर (1935) आणि कॉलिन क्लार्क (1940) यांच्यामुळं रूढ झाली.

आपल्याकडचा खरा वाद जुन्या आकड्यांचा आहे. इंग्रजी अमलात कारागीर उखडले आणि शेतीवर लोटले गेले हे एक मत, अर्थतज्ज्ञ अमिय बागचींनी त्यासाठी बिहारचे आकडे मांडले. उलट दुसरे अर्थतज्ज्ञ डॅनियल थॉर्नर म्हणतात की 1881 ते 1931 च्या जनगणनांत खातीच बदलत गेली, शेती नि साधी मजुरी एकत्र धरा, उद्योग नि व्यापार एकत्र धरा, मग फारसा बदल उरत नाही. थॉर्नर 1881 नंतरपुरते जास्त पटतात, त्याआधीची पडझड मात्र त्यानं खोटी ठरत नाही. खाती एकत्र का धरायची हे कोल्हापुरी चपलेवरून लगेच कळतं: कातडं कापणारा, त्याची वेणी घालणारी आणि गिऱ्हाईकाच्या पायात चप्पल घालून बघणारा सगळे एकाच घरातले, मग हे घर उद्योगात लिहायचं का व्यापारात?

पुढंही तोच घोळ. 1961 ला हंगामात रोज तासाभराहून जास्त नियमित काम करणारी बाईसुद्धा कामकरी धरली, 1971 ला 'मुख्य काम काय' विचारलं आणि लाखो बायका आकड्यातून गायब, रानातनं नव्हे.

कोल्हापुरात 1906 च्या सुमारास शाहू मिल आली, मग उद्यमनगरातली ऑइल इंजिनं, फौंड्र्या, शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसी. पण शेतीतनं माणूस उठून कारखान्यात बसला असं सरळ झालं नाही. हंगामात गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळणारा गडी पावसाळ्यात फौंड्रीत साचे भरतो, घरी दोन म्हशींचं दूध डेअरीला जातंच. मोजणारा कोणत्या महिन्यात आला त्यावर त्याचं खातं ठरायचं! (1981 पासून वर्षात निदान 183 दिवस काम केलेलाच 'मुख्य' कामकरी अशी अट आहे, तिनं थोडं सावरलं.)

2011 च्या जनगणनेत शेतकरी आणि शेतमजूर मिळून 54.6 टक्के होते. सरकारच्या नमुना श्रमबल सर्वेक्षणात शेतीचा वाटा 2018-19 ला 42.5 वर उतरला, लॉकडाऊनच्या वर्षी 45.6 वर चढला आणि 2023-24 लाही 46.1 होता, म्हणजे गावाकडं परतलेले सगळे काही पुन्हा शहराकडं वळले नाहीत, शिवाय घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या बायकांची नोंदही वाढली.